खोडलेला आकडा

रामदास कोचरेकरांनी पत्र खिडकीच्या गजांना टेकवून उजेडात धरलं. बाकीचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. 'एकूण' आणि 'पडवळे' या दोन शब्दांच्या मध्ये मात्र जांभळ्या शाईचा लांबट डाग होता. तिथे आधी आकडा लिहिलेला होता आणि मग तो दहा-बारा रेघा मारून खोडला होता. लेखणी इतकी दाबली होती की कागद फाटायच्या बेताला आला होता.

"काय कोचरेकर, गुप्तधनाचा नकाशा सापडला का?" टेबलापलीकडून नाबर वकिलांनी विचारलं. ते परसबाग समितीचे अध्यक्ष.

"तक्रार आहे. लालबागची. निनावी."

"मग तातडीच्या फाइलीत. आठ दिवसांत पाहणी झाली पाहिजे."

हा नियम नाबरांनी स्वतः घातला होता. गच्चीत, गॅलरीत, मोरीमागे भाजी पिकवणाऱ्या कुटुंबाला समिती तीस रुपये अनुदान आणि शिक्क्याचा दाखला देत असे. यंदा अर्ज आले होते दोनशे चौदा आणि पाहणीला फिरणारा माणूस एकच, रामदासराव. साध्या अर्जाचा नंबर लागेपर्यंत वेलाचं सरपण होई. तक्रार आली की मात्र समिती तारेच्या वेगानं हले. माणसं लबाड असतात, या एका मुद्द्यावर समितीतल्या तिघांचंही एकमत होतं. मुंबई कोणाची, या मुद्द्यावरसुद्धा तसं नव्हतं.

रामदासरावांना संशय ही काही नवी विद्या नव्हती. गिरणीच्या टाइमऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, ती कोणाच्या हजेरीचा बिल्ला कोण टाकतो हे बघण्यात. निवृत्त होऊन फणसवाडीत बसल्यावर समितीचं हे मानद काम आलं आणि त्यांना पुन्हा नीट झोप लागू लागली. गेल्या वर्षी परळला एका घरी त्यांनी मिरचीच्या कुंडीच्या बुडाला गुपचूप निळ्या पेन्सिलीची फुली मारली होती. चार दिवसांत तीच फुली त्यांना आणखी दोन घरांत भेटली. दोन्ही घरच्या बायका शपथेवर सांगत होत्या की रोप बी लावल्यापासून आपलं आहे.

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. अक्षर मोठं, सरळ, शाळा उशिरा शिकलेल्या माणसाचं.

'दुर्गाबाई भिवा तळवडेकर हिने गच्चीवर दाखवलेला वेल हिचा नाही. पिंपे उसनी आणली आहेत. पायऱ्या बावन्न. डांबराची अर्धी पिंपे चार. मांडवाचे बांबू सहा. घरात खाणारी तोंडे पाच. नवरा शिवडीला गोदामात हमाल, छप्पन साली चौदा दिवस तुरुंगात होता.' त्यापुढे तो डाग. मग, 'समितीने डोळ्यांनी पाहावे. एक हितचिंतक.'

"चौदा दिवस?" नाबरांनी मान वर केली. "म्हणजे समितीवाला. आपल्या नव्हे, त्या समितीचा. गच्चीवर सभा-बिभा भरतात का तेही बघून या. मांडवाखाली काय काय पिकत असेल सांगता येत नाही."

"पडवळच असेल बहुतेक," रामदासराव म्हणाले आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

पायऱ्या बावन्नच भरल्या. चढताना त्यांनी त्या मोजल्या, जिन्यातल्या भिंतीवर डांबरानं लिहिलेली 'झालाच पाहिजे' ही अक्षरं वाचली आणि दुसऱ्या मजल्यावर दम खायला उभे राहिले. मागून एक बाई बादली घेऊन वर येत होती. बादलीत मासे धुतलेलं पाणी होतं, ते न बघताही कळत होतं.

"कोणाकडं?" तिनं विचारलं.

"तळवडेकर."

"त्या बाईकडं? जा, वर आहे. जपून बोला हां. तोंडाची फाटकी आहे."

"तुम्ही?"

"मालन तांबे. पाठच्या चाळीतली. माझाबी अर्ज आहे तुमच्याकडं, दोडक्याचा. तो काही तुम्हाला दिसायचा नाही. तक्रार कुठं आहे माझ्यावर!"

एवढं बोलून ती बादलीसकट त्यांच्या पुढे निघून गेली. रामदासरावांनी मनातल्या मनात नोंद केली. बाई शेजारची, अर्ज तिचाही, आणि तोंडात तळवडेकरणीची निंदा. तक्रारदार जिन्यातच सापडला. एकच रकाना जुळत नव्हता. ज्या बाईवर दात आहे तिच्यासाठी बावन्न पायऱ्या पाणी कोण चढवतं?

गच्चीच्या दाराशी ते थबकले. सहा बांबूंचा मांडव वेलानं भरून गेला होता. खाली पडवळं लोंबत होती, प्रत्येकाच्या शेंड्याला सुतळीनं बांधलेला खडा आणि प्रत्येकावर जुन्या लुगड्याच्या चिंधीची झूल. चाळिशीची एक बाई पाटावर उभी राहून एका कोवळ्या पडवळाला खडा बांधत होती.

"दगड कशाला?"

"नायतर वाकडां जाता. माणसासारखां," दुर्गाबाई म्हणाली. मग टोपी, छत्री आणि वही एका नजरेत बघून ती खाली उतरली आणि ऑफिसातल्या मराठीवर आली. "बसा, साहेब. येणार ते ठाऊक होतं. फक्त आज की उद्या, तेवढंच."

"कसं ठाऊक?"

"आठ दिवसांत येतात म्हणे."

"तक्रार असेल तर."

दुर्गाबाईनं पदराला हात पुसले. ते बराच वेळ पुसले.

रामदासरावांनी कामाला सुरुवात केली. पहिल्या पिंपाच्या काठाला हात घालून ते हलवून बघितलं. हललं नाही. खाली वाकले, तर पिंपाच्या बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर येऊन गच्चीच्या फटीत शिरली होती. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. फुलीसाठी काढलेली निळी पेन्सिल त्यांनी पुन्हा खिशात टाकली. अशी चार पिंपं उसनी आणायची, तर गच्ची उसनी आणावी लागली असती. मग या हितचिंतकानं पायऱ्यांपासून तोंडांपर्यंत सगळं खरं लिहून नेमकी मुद्द्याचीच गोष्ट खोटी का लिहावी?

"सभा भरतात का इथे?"

"भरतात ना. कावळ्यांच्या." पण लगेच ती गंभीर झाली. "साहेब, मालकाचा मेहताजी आठवड्याला वर येतो. म्हणतो, गच्ची गळते. अनंत चतुर्दशीच्या आत सगळं काढा, नायतर माणसं आणून खाली फेकतो. मी विचारलं, सरकारी दाखला असला तर? तेव्हा गप झाला. शिक्क्याला घाबरतो तो. तीस रुपये मिळाले तर मिळाले. दाखला पाहिजे मला."

"आधी का नाही अर्ज केलात?"

"वैशाखात केला! खिडकीवर दोनदा जाऊन आले. म्हणाले, नंबर दिवाळीनंतर. तोवर इथं काय बघणार होता, मेहताजीचं डोकं?" तिचा आवाज थोडा चढला आणि मग एकदम बसला. "पाच माणसांना दोन वेळचं होतं यातून. आमच्या ह्यांना गोदामात महिन्यातले दहा दिवस काम नसतं."

रामदासरावांनी वही उघडली. छापील नमुना होता. पिंपे, चार. मांडव, एक. पाणी, मासे धुतलेले. शेवटचा रकाना होता 'फळांची संख्या'.

"किती आहेत?"

"आहेत."

"आहेत ते दिसतंय. किती?"

"चार-दोन आहेत."

"चार की दोन?"

दुर्गाबाईनं एका पडवळावरची चिंधी सारखी केली. रामदासरावांचा संशय ताजा झाला. आकडा लपवते म्हणजे बाजारात विकत असणार. त्यांनी तर्जनी उचलली आणि डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. "एक, दोन, ती—"

"बोट! बोट दुमडा आधी, साहेब!"

हाक इतकी घाबरी होती की बोट आपोआप वाकलं.

"मोजूची नसतत ती. बोट दाखवलां तर कुजतत. पयलां फळ धरल्यापासून मी सोता मोजूक नाय." ऑफिसातली मराठी गळून पडली होती. "खंयचे तुमी?"

"कोचऱ्याचे."

"मगे तुमका सांगूक व्हया?"

रामदासराव दुमडलेलं बोट घेऊन तसेच उभे राहिले. कोचऱ्याच्या घरामागे काकडीचा मांडव असे. आई म्हणायची, 'बघून ये रे, धरली काय?' किती धरली असं तिनं कधी विचारलं नाही.

"मी सांगते की!" पिंपाच्या मुळाशी बादली ओतत मालन म्हणाली. "दीक्षा घेतली तेव्हाच आम्ही हे दृष्ट-बिष्ट सोडलं. पडवळाला काय कळतंय, बोट सरळ का वाकडं? लिहा साहेब. वीस आणि—"

"मालन!"

मालनचं तोंड जागच्या जागी मिटलं. "बरं बाई," ती पुटपुटली. "नाही सांगत. तुझं पडवळ, तुझा आकडा." तिनं बादली पालथी घातली आणि हात झटकले. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या कडेला, जांभळा डाग होता. मासे धुऊनही तो गेला नव्हता.

रामदासरावांनी खिशातलं पत्र बाहेर काढलं नाही. काढायची गरज नव्हती. वैऱ्यानं लिहिलं असतं, तर त्यानं पायऱ्या वगळल्या असत्या आणि पडवळं मोजून आकडा तसाच ठेवला असता.

"दुर्गाबाई, तुमचं कोणाशी वाकडं आहे?"

"मेहताजी सोडला तर कोणाशी नाही."

"मग तक्रार कोणी केली असेल?"

दुर्गाबाईनं पाटावर पाय ठेवला आणि अर्धवट राहिलेली सुतळी पुन्हा हातात घेतली. "केली असेल कोणीतरी," ती वेलाकडे तोंड करून म्हणाली. "केली म्हणून तर आलात."

मालननं बादली उचलली आणि खालच्या रस्त्यावर काहीतरी फार बघण्यासारखं असल्याप्रमाणे कठड्यावरून वाकली.

रामदासरावांनी पेन उघडलं. रिकामा रकाना असलेला नमुना परत येतो, हे त्यांना पाठ होतं. चुकीचा आकडा त्यांनी एकतीस वर्षांत लिहिला नव्हता. त्यांनी एकदा मांडवाकडे बघितलं. मग शेवटच्या रकान्यात एक शब्द लिहिला, खाली सही केली आणि वही मिटली.

सोमवारच्या बैठकीत नाबर त्या रकान्याशी अडले.

"'आहेत'? हे काय, कोचरेकर? हा काय आकडा झाला?"

"आहेत म्हणून लिहिलं."

"पण किती?"

"मी स्वतः पाहिली. पिंपं तिचीच आहेत, मुळं गच्चीत गेली आहेत. सभा कावळ्यांच्या भरतात."

नाबरांनी चष्मा काढला. "तुम्ही कोचऱ्याचे. ही तळवडेकर, म्हणजे तीही तिकडचीच. नात्यातली नाही ना?"

एकतीस वर्षं हा प्रश्न रामदासरावांनी इतरांना विचारला होता. स्वतःला विचारला गेल्यावर तो कानात वेगळा वाजला.

"नाही," ते म्हणाले.

"मग तुमच्यासारखा माणूस आकडा गाळतो?" नाबरांनी वहीचं पान उलटलं. "आणि ती तक्रार? तक्रारदार कोण निघाला?"

"वेलाच्या अगदी जवळचं माणूस."

"बघा!" नाबरांनी चष्मा पुन्हा चढवला. चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मी म्हणतो ते हेच. शेजाऱ्याचं हिरवं बघवत नाही लोकांना. माणूस लबाडच!" आणि त्यांनी शिक्का उचलून शाईच्या गादीवर दोनदा आपटला.

दाखला गच्चीच्या दाराला चार खिळ्यांनी ठोकला गेला. मेहताजी वर आला, त्यानं तो ओठ हलवत वाचला, शिक्क्यावरून अंगठा फिरवून शाई निघते का ते बघितलं आणि बावन्न पायऱ्या उतरून गेला. गच्ची त्यानंतर गळली नाही.

गणपती उठले. पुढच्या सोमवारी टपालात जांभळ्या शाईचं आणखी एक पत्र होतं. अक्षर मोठं, सरळ.

'पाठच्या चाळीतील मालन तांबे ही बाई तोंडाची फाटकी व फार लबाड आहे. दोडक्याचा वेल हिचा नाही. तळमजला, पायऱ्या नाहीत. पत्र्याचे डबे पाच. पाणी मासे धुतलेले, तेही दुसऱ्याच्या घरचे. दोडके एकूण सत्तावीस. समितीने डोळ्यांनी पाहावे. एक हितचिंतक.'

सवयीनं रामदासरावांनी कागद खिडकीच्या गजांना टेकवून उजेडात धरला. कुठे खोडलेलं नव्हतं. 'सत्तावीस'च्या खाली तर पट्टी लावून रेघ ओढली होती.

"पुन्हा लालबाग?" नाबरांनी विचारलं. "काय वाईट वस्ती आहे हो!"

"फारच वाईट," रामदासराव म्हणाले. पत्र त्यांनी तातडीच्या फाइलीत सगळ्यात वर ठेवलं आणि कोपऱ्यातली छत्री उचलली.