रिकामा खडक

"अप्पा, आईचा एक बी फोटू न्हाई का तुमच्याकडं?"

दामिनीनं विचारलं तेव्हा शिवकुमार घरातल्याच फोटोच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून लातूरकडच्या निम्म्या मुरुडच्या नवऱ्या मुलींचे फोटो मागं सारत होता. बाहेर ओसरीत, पहाटे गेलेल्या सुकन्याला लिंगायतांच्या रीतीनं भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती लावून झाली होती. तिला बसवून न्यायचं पालखीसारखं विमान अंगणात फुलांनी सजत होतं आणि त्यावर लावायला फोटो हवा होता.

गावभराचे फोटो काढणाऱ्याकडं बायकोचा फोटो नव्हता. असणार कसा? लोकांच्या लग्नांत ती लाइट धरून उभी राहायची आणि लाइट धरणारा फोटोत येत नसतो. दामिनीच्या मोबाइलमध्ये ती होती, पण जिथं तिथं तोंडावर पदर. नवऱ्यानं कधी 'इकडं बघ' म्हटलं नाही, मग बाईला फोटोची लाजच बसली.

"त्या समुद्राच्या फोटूत होती की ती!" दामिनी म्हणाली.

तो फोटो दुकानाच्या भिंतीवरच होता, लातूरच्या स्पर्धेत पहिला आलेला. कोकणात, फिकट चांदण्यात, शटर कितीतरी वेळ उघडं ठेवून काढलेला. वर ताऱ्यांच्या गोल फिरलेल्या रेघा, खाली लाटांचं नुसतं धुकं, मधोमध काळा खडक. सुकन्या समुद्र पहिल्यांदाच बघत होती. पाय भिजवायलाही वेळ न देता त्यानं तिला खडकावर नेऊन बसवलं होतं.

"अहो, अंगात कणकण हाय. लई थंडी वाजायलीय."

"हलू नको. असल्या फोटूत हललेलं माणूस उमटत न्हाई."

थोडा वेळ ती कुडकुडत बसली, मग खोकला आवरेना म्हणून उठून गेली. फोटोत तारे आले, चांदणं आलं, ती आली नाही. परीक्षकांना रिकामा खडकच आवडला. पुढं कुठलंही गिऱ्हाईक आलं की हा हसत सांगायचा, "बायकोला बसवलं हुतं. बरं झालं उठली, न्हाई तर बक्षीस हुकलं असतं!" हे ती चहाचा ट्रे धरून ऐकायची. खरं तर तिनं तो चहा त्याच्या अंगावर ओतायला हवा होता. पण तीही हसायची.

दामिनीनं फोटो खाली उतरवला. खडकावरची धूळ पदरानं पुसली, पुन्हा पुसली.

"कुठं हाय?"

"न्हाई उमटली," शिवकुमार म्हणाला.

तिनं कॅमेरा उचलून त्याच्या हातात दिला. "मग आता काढा. आता बसलीय ती, तुम्हाला पाहिजे तशी."

ओसरीत उजेड कमी होता आणि लाइट धरायला कुणी नव्हतं. त्यानं शटर जरा जास्त वेळ उघडं राहील असं केलं, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "हलू नको."

सुकन्याभोवती बसलेल्या बायकांचं रडणं थांबलं. सगळ्या त्याच्याकडं वळल्या.

फोटोत त्या वळलेल्या बायका पार पुसट झाल्या होत्या. सुकन्या तेवढी स्पष्ट आली होती.