आडवे पडलेले ठिपके

दादाने चक्क "बरं, तुझी पद्धत घेऊ" म्हटलं होतं, आणि सकाळपासून धाकटीचे पाय जमिनीवर नव्हते. थोरल्या भावाच्या तोंडून असं काही निघेल ही आशा तिने कधीच सोडून दिली होती. लहानपणी तिने काढलेल्या चित्रातल्या गाईलासुद्धा हा माणूस शेपूट चुकलंय म्हणायचा.

दोघं मिळून बचाव-बोटींसाठी रेडिओ बनवत. त्यांच्या रेडिओत निम्म्याहून जास्त काम सॉफ्टवेअरच करायचं. संदेशातले शून्य-एक म्हणजे बिट; काही-काही बिट मिळून एक, असे त्यांचे ठिपके ठरलेल्या जागी मांडून पाठवायचे, वाटेतला गोंगाट, म्हणजे लहरींतली खरखर, त्या ठिपक्यांना धक्के देणार, आणि पलीकडच्या रेडिओने सगळ्यांत जवळची जागा ओळखून मूळ संदेश मिळवायचा. दादाच्या पद्धतीत ठिपक्यांना चारच जागा, ऐसपैस. धाकटीच्या पद्धतीत सोळा, दाटीवाटीने. ओळखण्यात चूक व्हायची भीती जास्त, पण एका ठिपक्यात दोनऐवजी चार बिट मावत, म्हणून संदेश दुप्पट वेगाने जायचा. बोटीवरच्या जखमी माणसाचा फोटो किनाऱ्यावरच्या डॉक्टरला लगेच दिसला असता. त्या फोटोसाठीच तिने महिनोन्‌महिने डोकं खपवलं होतं.

समुद्रावर जाण्याआधी सगळं संगणकात, बनावट गोंगाटात तपासायचं. हजार बिटांमागे फार तर एक चूक चालेल, अशी बचाव पथकाची अट होती. धाकटीची पद्धत त्यात जेमतेम बसली. दुपारी पथकाचे कप्तान येऊन ती पक्की करणार होते.

"मला त्या ठिपक्यांचं चित्र दे गं," वहिनी सोल्डरिंगचं टेबल सोडून आली. "नुसत्या आलेखाने कप्तानांना झोप येईल."

चाचणी लवकर संपावी म्हणून धाकटीने पडद्यावरची ठिपक्यांची खिडकी बंदच ठेवली होती. आता ती उघडली. प्रत्येक जागेभोवती ठिपक्यांचा गोल पुंजका दिसायला हवा होता. तिथे होत्या नुसत्या रेघा.

"हे सगळे आडवे का पडलेत?" वहिनी म्हणाली. "दमले की काय?"

धाकटीने खुर्ची पुढे ओढून गोंगाटाच्या ओळी तपासल्या. गोंगाट ठिपक्याला डावी-उजवीकडे ढकलतो, तसा वर-खालीही ढकलतो. तिने फक्त आडवा गोंगाट घातला होता. उभा घालायचाच राहिला होता. तिने तो घातला आणि चाचणी पुन्हा चालवली. चुका जवळजवळ दुप्पट झाल्या. पद्धत अटीबाहेर.

गप्प बसावं, असं तिला क्षणभर वाटलं. कुणाला कळणार होतं? कळलं असतं ते थेट समुद्रावर, आणि तेही भलत्या वेळी. ती उठली आणि दादाच्या खोलीत गेली.

"दादा, माझा आकडा खोटा आहे. अर्धा गोंगाट घालायलाच विसरले."

आता तासभर ऐकून घ्यायचं म्हणून तिने मनाची तयारी केली. पण दादाचाच चेहरा पडला. तो घाईघाईने स्वतःची फाइल उघडू लागला.

"तुला काय झालं?"

"माझ्या चाचणीत गोंगाटाचा कोड तुझाच आहे. उचलून तसाच घातला."

"म्हणजे तुझ्या चार जागांची वादळातली चाचणीसुद्धा..."

"गेली. तीही काठावरच होती."

"आणि तपासला नाहीस? तू? माझं साधं स्पेलिंग सोडत नाहीस!"

"तू लिहिला होतास ना," दादा पुटपुटला. "तुझ्या कामात काय तपासायचं?"

धाकटीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. दारात उभ्या वहिनीने कपाळाला हात लावला. "धन्य आहात दोघं!"

मग दोघं एकाच टेबलाशी बसले. रेडिओने आधी गोंगाट मोजावा. शांत असेल तर सोळा जागा वापराव्यात, वाढला तर चारांवर यावं, आणि फारच झाला तर एकेक बिट पुन्हापुन्हा पाठवावा, असं ठरलं. चार की सोळा हे भांडण आधीच मिटवलं असतं तर हे केव्हाच सुचलं असतं.

कप्तान आले, तेव्हा दादानेच सांगून टाकलं की आज काही पक्कं होणार नाही, चाचणी चुकली आहे.

"कुणाची चूक?" कप्तानांनी विचारलं.

"आम्हा दोघांची," दादा म्हणाला. "पकडली मात्र हिने."

कप्तानांनी आठवड्याची मुदत दिली आणि चहा मागितला. चहा आणायला धाकटी इतक्या आनंदाने गेली, की साखर घालायचीच विसरली.