चाळीस पावलांवरची पिंपं

आप्पा लेकीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आले ते घरच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन. महिनाभर त्याला पिवळसर झाक येत होती. बाटली त्यांनी साबणाने तीनदा घासली होती.

लेकीला हसू आवरेना. साबणाच्या अंशाने तपासणी चुकते, बाटली इथलीच लागते आणि भरण्याआधी नळ थोडा वाहू द्यावा लागतो, असं तिने समजावलं.

"सत्तर वर्षं पाणी पितोय," आप्पा म्हणाले, "आणि भरायचं कसं ते आज कळतंय."

संध्याकाळी ती स्वतःच घरी गेली. आप्पांनी बाटली दोन्ही हातांत धरली, तिने नळ सोडला.

चौथ्या दिवशी निकाल आला. पाण्यात क्रोमियम होतं, मर्यादेच्या सहापट. तिने पुन्हा तपासलं, पण आकडा तसूभरही हलला नाही. धातूवर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात आप्पांनी बत्तीस वर्षं काढली होती. कारखाना कधीच बंद पडला, पण आप्पा राहत होते ती कामगारांची वसाहत अजून त्याच्याच आवारातल्या बोअरवेलचं पाणी पीत होती.

तिने सांगितलं तेव्हा आप्पा वाटाणे सोलत होते. हातातली शेंग तशीच राहिली. 

"हौदातल्या गाळाची पिंपं आवारात आम्हीच पुरली," ते म्हणाले. "साहेबांनी माती टाका म्हटलं, मी टाकली. तू तेव्हा रांगत होतीस. तुला मी हेच पाणी पाजलं, पोरी."

तिने त्यांचा हात हातात घेतला. बोटांवर मुलाम्याच्या हौदातल्या रसायनाने पाडलेले जुने व्रण होते.

"तुम्हाला तरी कुणी काय सांगितलं होतं, आप्पा? जागा आठवते?"

आठवत होती. पुढच्या आठवड्यात पाणीखात्याची माणसं आली, तेव्हा कुंपणापासून चाळीस पावलं मोजून आप्पांनी काठी टेकवली. शेजारी राहणारे कारखान्याचे जुने मुकादम चिडले होते. गेली गोष्ट उकरून काय मिळणार, म्हणून ते सकाळपासून धुसफुसत होते. पण पहिलं गंजकं पिंप वर आलं आणि ते बघायला वाकलेल्या आप्पांचा तोल गेला, तेव्हा त्यांना सावरायला मुकादमच पुढे झाले. पिंपांच्या दुसऱ्या रांगेची जागाही मग त्यांनीच दाखवली.

बोअरवेल बंद झाली. वसाहतीला टँकर सुरू झाला. डॉक्टरांनी घरोघरी जाऊन सगळ्यांना तपासलं. लेकीत काही निघालं नाही. आप्पांच्या मूत्रपिंडांना मात्र थोडी इजा झाली होती, औषधं कायमची लागली. लेकीचा निकाल ऐकला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. स्वतःचा त्यांनी धड ऐकलाही नाही.

सहा महिन्यांनी नवी जलवाहिनी आली. सगळी वसाहत पाणी प्यायला लागली, पण लेकीने ते तपासावं म्हणून आप्पा अडून बसले. दोन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला.

"पाणी स्वच्छ आहे, आप्पा. प्या आता."

"दोनदा तपासलंस?"

"तीनदा."

आप्पांनी नळाखाली तांब्या धरला. मग म्हणाले, "तर मग आज जेवायला इकडेच ये."