घरच्या मापाचा ओटा

कांदा चिरायचा तर पाट ठेवायला जागा नाही, म्हणून पाट बेसिनवर आडवा टाकायचा. पाट बेसिनवर टाकला की नळ अडतो. पाणी हवं असेल तर पाट उचलून पलंगावर ठेवायचा, आणि पलंगावर नवरा नकाशा पसरून बसलेला. सुताराच्या बायकोने ही कसरत आज तिसऱ्यांदा केली आणि मनातल्या मनात कॅम्परव्हॅन शोधून काढणाऱ्याचा उद्धार केला.

सुताराला निवृत्त झाल्यावर गाडीतून जग बघायचं होतं. हे त्याचं जुनं वेड. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना त्याने एक जुनी मालवाहू गाडी घेतली आणि आतून तिचं घर करून टाकलं. पलंग, कपाटं, दोन शेगड्यांचा ओटा, सगळं स्वतःच्या हाताने. ती परतली तेव्हा त्याने ऐटीत दार उघडलं, आणि तिला खरोखरच भरून आलं होतं. चला, सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं होतं. पण निघाल्यावर दोन दिवसांतच तिला उमगलं की सुटलाय तो एकटा. तिचं स्वयंपाकघर मागे राहिलंच नव्हतं, त्याला फक्त चाकं लागली होती.

तो तळी बघून यायचा, टेकड्या चढून यायचा आणि भूक लागली म्हणत दारात उभा राहायचा. ती तोवर भाताचं पाणी बघत असायची. एका शेगडीवर पातेलं ठेवलं की दुसरीवर तवा मावायचा नाही. फोडणी दिली की रात्री उशीला कांद्याचा वास. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पाठ. संध्याकाळ झाली की कमरेपासून मानेपर्यंत अशी धरायची की सरळ व्हायला भिंतीचा आधार लागायचा.

परवा रेल्वे स्टेशन असलेलं गाव लागणार होतं. तिथे उतरायचं आणि सरळ घर गाठायचं, हे तिने सकाळीच ठरवून टाकलं होतं. त्याला मात्र अजून सांगितलं नव्हतं. ती उतरली की सहल संपली, हे तिलाही कळत होतं. त्याला साधा चहा करता येत नव्हता. जन्मभर त्याने ज्याची वाट पाहिली ते आपण महिनाभरात मोडतोय, या विचाराने तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं म्हणून आणखी राग यायचा.

“अगं,” नकाशाची घडी घालत तो म्हणाला, “शेजारच्या गाडीतल्या नर्सबाईंना जेवायला बोलावलंय. फार काही करत बसू नकोस. साधंच कर.”

साधंच! हा शब्द काढणाऱ्याच्या हाती एकदा पळी द्यायला हवी होती. तिने बटाटे जरा जास्तच जोरात आपटले.

नर्सबाई आल्या. एकट्याच गाडी घेऊन फिरणाऱ्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. त्यांना पलंगाच्या कडेला बसवून सुताराने कपाटं उघडून दाखवली, खण ओढून दाखवले, कुठे एक खिळा दिसतो का ते शोधायला लावलं. बाईंनी सगळ्याचं कौतुक केलं. पण नजर होती ओट्याकडे.

“पाठ दुखते ना हो तुमची?” वाढून दिलेलं ताट घेताना त्यांनी विचारलं.

“दुखते थोडी.”

“या ओट्यापाशी कोणाचीही दुखेल. फार बुटका आहे.”

सुताराला ते लागलं. “बाई, हयात गेली माझी ओटे करण्यात. ज्या घरचं काम असेल त्या घरच्या बाईला उभं करायचं, कोपर वाकवायला सांगायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं आणि त्यातून चार बोटं वजा करायची. त्याशिवाय मी फळीला करवत लावत नाही.”

“मग यांचं काय माप आलं?”

“हिचं कशाला घ्यायचं? सरळ घरच्या ओट्याचं घेतलं. हिच्या हाताखालचा आहे तो. एका सुताचाही फरक सापडायचा नाही.”

तिने गॅस बंद केला.

“घरचा ओटा माझ्या मापाचा नाही,” ती म्हणाली. “तुमच्या आईच्या मापाचा आहे. आई माझ्या खांद्याला लागत होत्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी वाकून रांधतेय.”

घास त्याच्या हातात तसाच राहिला. “मग कधी बोलली कशी नाहीस?”

इतका वेळ तिने धरून ठेवलं होतं ते या प्रश्नाने सुटलं. “गावभरच्या बायकांना तुम्ही आपणहून विचारत होतात. मला वाटलं, एक दिवस माझ्यापाशी याल.”

नर्सबाईंनी ताट संपवलं, स्वतःच विसळून ठेवलं, स्वयंपाक छान झाला होता म्हणाल्या आणि निघून गेल्या. नवरा-बायकोच्या भांडणात किती वेळ बसायचं, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

सुतार बराच वेळ बाहेर पायरीवर बसून राहिला. आत आला तेव्हा हातात टेप होता आणि डोळे लाल झाले होते.

“उभी राहा,” तो म्हणाला. “कोपर वाकव. चुकलंच माझं. सकाळी सगळा ओटा काढतो आणि वर घेतो. लवकर हात घातला तर दुपारच्या स्वयंपाकाला तयार होईल बघ.”

या माणसाचा पश्चात्ताप अगदी खरा होता. आणि तेवढ्याच खरेपणाने तो उद्या दुपारी तिला पुन्हा तिथेच उभी करत होता, या वेळी जरा नीट. इतकं सगळं बोलून त्याला एवढंच ऐकू गेलं होतं. तिचं कोपर सवयीने अर्धं वाकलंही होतं. तिने ते सरळ केलं, त्याच्या हातातून टेप घेतला आणि टोक त्याच्याच टाचेखाली दाबलं.

“तुम्ही वाकवा.”

“मी? अगं, मग तुला केवढा उंच होईल तो.”

“होऊ दे. अधूनमधून करीन मी टाचा उंचावून. नाहीतर परवा मला स्टेशनवर सोडा आणि पुढे एकटे जा.”

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

“मला अंडंसुद्धा उकडता येत नाही,” तो अगदी हळू म्हणाला.

“मलाही येत नव्हतं,” ती म्हणाली. “तिथे उभी केलीत, म्हणून आलं. हलू नका, माप चुकेल.”