कुंपणालगतचा मका

"बर्चचं पान उंदराच्या कानाएवढं झालंय," मार्त्ता दारातूनच म्हणाली. "मका पेरायचा दिवस आज. आबांचा नेम होता."

लेम्पीने कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलं, पण थोरल्या नणंदेला बसा म्हटलं नाही. लेम्पीचा नवरा, म्हणजे मार्त्ताचा भाऊ रेइनो, ऐन हिवाळ्यात गेला, तेव्हा चर्चमध्येही या दोघी एका बाकावर बसल्या नव्हत्या.

"आबांचा नेम फिनलंडहून आलेला, ओट्सच्या पेरणीसाठी होता, वन्सं. मक्याला ऊबदार माती लागते. लायलॅक फुलेपर्यंत थांबा."

"कालची आलेली तू, मला आमच्या आबांचा नेम शिकवणार?"

लेम्पीला या घरात येऊन चाळीस वर्षं झाली होती. मार्त्ताने पत्र्याच्या डब्यातलं अर्धं बी ओतून घेतलं आणि चालती झाली.

डब्यात होतं ते आबांचं, लेम्पीच्या सासऱ्यांचं बी. मिनेसोटाच्या या टोकाला उन्हाळा पाहुण्यासारखा येतो, निघण्याच्या बेतानेच. सासऱ्यांनी, मग रेइनोने, दर वर्षी सगळ्यात आधी पिकलेली कणसं बियाण्याला राखली, म्हणून तो मका गोठवणारं दंव पडायच्या आत पिकायचा. कणीस वीतभर, पण गोड. बाजारात ते बी कुठेच मिळत नव्हतं.

मार्त्ताने त्याच दिवशी पेरलं. थंडगार पाऊस लागला आणि बी मातीतच कुजलं. पडलं तरी नाक वर. ती गावातल्या दुकानातून नव्या जातीचं, लवकर पिकणारं बी घेऊन आली आणि लायलॅक फुलला तेव्हा, लेम्पी पेरत होती त्याच दिवशी, मुद्दाम दोघींच्या शेतांमधल्या कुंपणाला लागून तिने ते टोबलं.

लेम्पीचा जळफळाट झाला. दोन्ही मक्यांना तुरे एकदमच येणार, वारा मार्त्ताकडून येणार, आणि दुकानातल्या मक्याचा पराग रेइनोच्या कणसांवर पडणार. मग बी भेसळीचं. तुरे वेगवेगळ्या वेळी यावेत म्हणून उशिरा पेरायला इथे तेवढा उन्हाळा होताच कुठे? जुलैअखेरीस मार्त्ताच्या मक्यात तुरे डोकावले, तेव्हा लेम्पी अभिमान गिळून कुंपणाशी गेली.

"तुरे मोडा, वन्सं. नाहीतर आबांचं बी संपलं."

"माझं शेत, माझा मका."

"रेइनोच्या हातचंही तेवढंच उरलंय."

"हातचं?" मार्त्ता कडवटपणे म्हणाली. "दर शनिवारी त्याच्या वाफेच्या आंघोळीसाठी मी सौना तापवायचे. तू आलीस आणि तो यायचा थांबला. तेव्हा आठवलं नाही, तो माझा भाऊ आहे ते?"

ते खरं होतं. तिनेच त्याला जाऊ दिलं नव्हतं. ती घरी आली आणि रागाने भांडी आपटत राहिली. उद्या कणसांना कागदी पिशव्या बांधायच्या, जमतील तेवढ्या, असं तिने ठरवलं.

सकाळी पिशव्या घेऊन ती बाहेर आली, तर मार्त्ता आपल्या मक्यात उभी होती. काठी बगलेत धरून ती एकेक ताट वाकवत होती आणि तुरा मोडून खाली टाकत होती. ओळच्या ओळ बोडकी झाली होती.

"वन्सं, तुमची कणसं भरायची नाहीत. आमचा पराग पोचला तरी दोन जातींच्या मिसळीने दाणा निबर होईल."

"मला कळतं." मार्त्ताने मागे पाहिलं नाही. "तुझ्यासाठी नाही करत. पिशव्या घरात ठेव."

सप्टेंबरात दंव पडायच्या आधी लेम्पीने बियाण्याची कणसं सालींनी वेणीसारखी गुंफून चुलीमागे टांगली. दाणे जसे हवेत तसे होते. उरलेली कोवळी कणसं उकडून, लोणी लावून तिने ताटलीत घातली आणि कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवली.

"घ्या, वन्सं."

"माझं आहे माझ्याकडे," मार्त्ता तिच्या पायरीवरून म्हणाली.

तिच्या मांडीवर तिच्या मक्याचं अर्धवट दाण्यांचं कणीस होतं; भरले होते तेवढे दाणे रेइनोच्या मक्याच्या परागाचे. गुरांच्या मक्यासारखं निबर. तोंडात दात मोजकेच, तरी ती एकेक दाणा सोलून चावत होती. लेम्पी आपल्या खिडकीशी येऊन उभी राहिली. खांबावरचं लोणी थिजलं, ऊन उतरलं. मार्त्ताने ताटलीकडे एकदाही पाहिलं नाही, आणि कणीसही खाली ठेवलं नाही.