खालून आलेले ठोके

तोंडवलीच्या किनाऱ्यापासून दोन मैल आत समुद्रात हरिश्चंद्रच्या शिडाच्या होडीला गळती लागली. सांध उघडायची तर दुसरी कुठली तरी उघडावी. पण नाही, मेली तीच, गेल्या वर्षीची! भरदुपारी त्याने शीड उतरवलं, लुंगी फाडून चिंध्या आतून कोंबल्या. समुद्र त्या परत ढकलत होता. ही फट बाहेरूनच बुजते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ यतीन त्यासाठीच कापूस आणि हातोडी घेऊन होडीखाली उतरला होता. गळती थांबली, तेवढ्यात आभाळ काळवंडलं. "वाऱ्याने होडी ओढून नेली," असं हरिश्चंद्रने घरी सांगितलं. पण यतीन वर यायच्या आधी शीड चढवलं होतं त्यानेच.

आता तो डब्याने पाणी उपसत होता. एकाएकी तळावर बाहेरून ठोके पडले. ठक, ठक, ठक. पाणी यायचं थांबलं. फटीत पांढराशुभ्र कापूस दिसला.

वारा चांगला होता. शीड चढवलं तर अर्ध्या तासात किनारा. हरिश्चंद्रने दोर हातात घेतला, सोडून दिला आणि पाण्यावर वाकला.

"वर ये रे, यतीन. आज मी थांबलोय."