बंदुकांची उत्तरपूजा

विद्याधर आगाशे हा कोर्टाच्या दिवाळखोरी खात्यातला हंगामी कारकून होता. थोड्या थोड्या महिन्यांनी त्याला कामावरून कमी करत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेत, असं चार वर्षं चाललं होतं. मुलुंडच्या नीला दाते हिच्या वडिलांनी मुलगा पसंत असल्याचं कळवलं होतं, फक्त नोकरी कायम होऊ द्या, मग मुहूर्त काढू, असं पुढे जोडलं होतं. अलीकडे त्यांना दुसरीही स्थळं दिसू लागली होती. म्हणून खात्याचे वरिष्ठ तेलंगसाहेब यांनी बोलावून सांगितलं की घाटकोपरचा बंदुकांचा कारखाना ताब्यात घे, दाराला सील लाव, काम चोख झालं तर तुझं नाव कायम करण्यासाठी वर पाठवतो, तेव्हा गडी ऑफिसचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला.

कारखाना म्हणजे 'सुखटणकर आणि मंडळी, बंदूकवाले'. प्लेगच्या साथीत गिरगावातून घाटकोपरला हललेला. अर्ध्या मुलखातले संस्थानिक त्यांच्याच बंदुका घेऊन शिकारीला जात. राजेसाहेबांनी वाघ मारला की कारखान्यात पेढे येत. पुढे संस्थानं विलीन झाली, राजे तनख्यावर गेले आणि वाघ सुटले. मालक भाऊ सुखटणकरांनी मग शेतकऱ्यांसाठी रानडुकरं हाकलायची बंदूक काढली. पण जन्म राजांची बंदूक घडवण्यात गेलेला. या बंदुकीच्या दस्त्यावरही त्यांनी हस्तिदंती वेलबुट्टी काढली. ती घेऊन चिखलात डुकरामागे धावायला कोणी धजेना. अखेर त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात कोर्टाने कंपनीचं दिवाळं जाहीर केलं.

विद्याधर नेमका खंडेनवमीला तिथे पोचला. दिवाळखोरी खात्याला दसऱ्याची सुट्टी होती, नवमीची नव्हती. खिशात लाखेच्या कांड्या आणि रुमालात गुंडाळलेला कोर्टाचा पितळी शिक्का. आत पाहतो तर कारखाना धुऊनपुसून लखलखीत. मधोमध पाटांवर बंदुका मांडलेल्या, त्यांना झेंडूच्या माळा, भोवती कानशी, हातोडे, पकडी. कामगार आंघोळी करून रांगेत उभे. आणि भाऊ सुखटणकर सोवळं नेसून त्याचीच वाट पाहत असल्यासारखे दारात.

भाऊंनी त्याला समजावून सांगितलं. या घरात खंडेनवमीची पूजा मालकाच्या हातूनच होते. आजवर आजोबा, वडील, मग ते स्वतः. पण आता मालक कोर्ट. आणि आजच्या घडीला कोर्टाचं माणूस म्हणून जे काही या आवारात आहे ते म्हणजे विद्याधर. तेव्हा त्याने पाटावर बसावं, मंत्र सांगायला भाऊ आहेतच.

विद्याधरच्या आयुष्यात त्याला कोणी मालक म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तो विरघळला. कोट काढून पाटावर बसला. संकल्पाच्या वेळी भाऊ अडले. कोर्टाचं गोत्र काय?

ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विद्याधर तेवढं म्हणाला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण बसलेला माणूस मी, म्हणून त्याने आपलं गोत्र सांगितलं. वत्स. अशा रीतीने मुंबईचं कोर्ट आगाश्यांच्या भाऊबंदकीत दाखल झालं.

इतक्यात हेडमिस्त्री दशरथ पुढे आला. सावंतवाडीकडचा, बंदुकांच्या आवाजाने एका कानाने अधू. त्याने हात जोडून विचारलं, "साहेबानू, आज सगळ्यांची हत्यारां पूजेक बसतत. तुमचा खंय आसा?"

विद्याधरने रुमाल सोडला. दशरथने पितळी शिक्का दोन्ही हातांनी घेतला, धुतला आणि सगळ्यात मोठ्या दुनळी बंदुकीशेजारी तांदळावर बसवला. लाखेच्या कांड्यांनाही हळदकुंकू लागलं. आरती झाली, प्रसाद झाला, आणि मग विद्याधरच्या लक्षात आलं की आज सील लावता येणार नाही. पूजेतलं हत्यार उत्तरपूजा होऊन अक्षता पडल्याशिवाय हलवायचं नसतं. हरकत नाही, उद्या दसरा आहे, सुट्टी असली तरी येऊन उरकू, असं म्हणत तो स्टेशनकडे निघाला.

दसऱ्याच्या सकाळी पेणहून निरोप आला. चुलत आजोबा गेले. दहा दिवस सुतक.

विद्याधर तेलंगसाहेबांच्या घरी धावत गेला. श्यामसुंदर तेलंग हे कायदा आणि धर्म दोन्ही पाळणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि निकाल दिला. ज्याच्या हातचा संकल्प त्याच्याच हातची उत्तरपूजा, आणि सुतकात ती नाही. शिवाय कोर्ट आता वत्स गोत्राचं, म्हणजे त्या पूजेपुरतं कोर्टालाही सुतक. दुसऱ्या कोणाला पाठवून उपयोग नाही.

सुतक फिटतं न फिटतं तोच रत्नागिरीच्या चुलत्यांना नातू झाला. सोयर. ते फिटलं आणि आईची वाईची आत्येसासू का कोण ती गेली. तिचं लागत नाही असं आई म्हणाली, पण तोवर पेणच्या आजोबांमागे आजी गेल्या. त्या वर्षी आगाश्यांच्या घराण्यात माणसं जणू तारीख बघून येत-जात होती.

इकडे खात्याची वाट लागली. शिक्का एकच, आणि तो घाटकोपरला तांदळावर. नवा मागवावा तर मागणीच्या कागदावर जुन्या शिक्क्याची खूण हवी. एकाही दिवाळखोराच्या दाराला सील लागेना. दिवाळं निघालेले लोक दुकानं उघडून धंदा करू लागले, आणि काहींचा बऱ्यापैकी चालूही लागला.

कारखान्यात पूजा उठली नाही म्हटल्यावर देवाला एकटं कसं टाकायचं, म्हणून कामगार रोज वेळेवर हजर. पगार नाही, काम नाही, पण सकाळी झाडलोट, संध्याकाळी आरती. आजूबाजूचे लोक येऊ लागले. पोलीस फौजदाराने नारळ वाढवला. रुक्मिणी नावाच्या पोटुशी बाईने दुनळीला नवस केला आणि तिला जुळं झालं, तेव्हापासून माळांचा खर्च लोकांनीच उचलला. माटुंगा-मुलुंडपर्यंतचे लोक विचारत येऊ लागले. साठ वर्षांत कंपनीला इतकं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, आणि त्यातलं एकही बंदूक मागत नव्हतं.

शेवटी तेलंगसाहेब जातीने आले. सुनावण्याच्या तयारीनेच आले होते, पण दारात त्यांनी बूट काढले, आणि बूट काढलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. तीर्थ घेतलं, शिक्क्याला नमस्कार केला, मनसोक्त प्रसाद खाल्ला. मग तिथेच बसून त्यांनी तोड काढली. कोर्टाचा शिक्का उघड्यावर आहे, त्याला राखणदार हवा. त्यासाठी एक कायम जागा निर्माण करावी आणि ती विद्याधर आगाशे यांना द्यावी. कुठवर कायम, तर पूजा उठेपर्यंत.

नीलाच्या वडिलांनी हुकमातला 'कायम' एवढाच शब्द वाचला आणि वैशाखातला मुहूर्त काढला.

आणि नेमकं तेव्हाच आगाश्यांच्या घराण्यात शांतता पसरली. कोणी मरेना, कोणी जन्मेना. अंथरुणाला खिळलेला एक काका तर उठून बाजारहाट करू लागला. सुतक नाही म्हणजे पूजा उठणार, आणि पूजा उठली की विद्याधरची कायम नोकरीही. एकदा साहेबांनी सहज विचारलं, सगळं ठीक ना घरी, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, की मालाडचे सखारामकाका गेले. सखारामकाका नावाचं कोणी कधी जन्माला आलंच नव्हतं. साहेबांनी दुःख व्यक्त केलं. त्यानंतर विद्याधरने बोरिवलीची एक काकू मारली, मग तिचे दोन दीर.

या सगळ्यात भाऊ सुखटणकर रोज कोट-टोपी घालून येत आणि दाराशी स्टुलावर बसत. लोक त्यांना पुजारी समजून पाया पडत. ते पाय मागे घेत. संध्याकाळी आरतीला मात्र त्यांना उभं राहवत नसे. ते मागच्या नळाशी जाऊन तोंड धूत बसत. विद्याधरला हे दिसत होतं आणि तो दुसरीकडे बघत होता.

एका दुपारी गर्दी नव्हती. भाऊंनी त्याला जवळ बोलावलं.

"विद्याधर, तुझ्याकडची माणसं किती गेली रे एवढ्यात?"

विद्याधर तांदळावरच्या शिक्क्याकडे बघू लागला.

"माझं एकच जायचंय," भाऊ कारखान्याकडे बघत म्हणाले. "त्याचं मला धड रडताही येत नाही. लोक त्याला नारळ फोडतात. मोकळं कर मला."

विद्याधरने नीलाचा विचार केला. वैशाख, मांडव, दाते मंडळी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्याला भाऊंचा रागही आला. पूजा मांडली यांनी, पाटावर बसवलं यांनी, आणि आता लग्न मोडायचं मी. पण म्हातारा समोरून हलेना. विद्याधर उठला, मागच्या नळावर गेला, आंघोळ केली आणि ओलेत्यानेच पाटावर येऊन बसला.

भाऊंनी मंत्र म्हटले. आवाज खणखणीत होता. अक्षता पडल्या. दशरथने सगळ्यांत आधी पाट जरासा हलवला आणि पूजा उठली.

त्या घराची रीत अशी, की पूजा उठली की ज्याने त्याने आपलं हत्यार उचलायचं आणि काम सुरू करायचं. निदान एक हात तरी फिरवायचा. दशरथने कानस घेतली आणि एका नळीवर एकदाच ओढली. दुसऱ्याने हातोडा मारला, तिसऱ्याने पान्याने एक स्क्रू पिळला. एकेक जण हत्यार पुसून खाली ठेवी आणि बाहेर पडे. शेवटी विद्याधर उरला, आणि त्याचा शिक्का.

सगळे बाहेर आल्यावर त्याने दार ओढून कुलूप घातलं. दशरथने मेणबत्ती धरली. लाख वितळून कुलपावरच्या चिंधीवर ठिबकली. विद्याधरने शिक्का सरळ टेकवला, दाबला आणि उचलला. त्या क्षणी त्याची नोकरी गेली. उद्या पुन्हा घेणारंही कोणी नव्हतं, कारण या वेळी त्याला नियमाप्रमाणे काढलं होतं.

भाऊ पुढे झाले. त्यांनी चश्मा वर सरकवला आणि वाकून सील पाहिलं. नवी बंदूक पुढ्यात आली की पाहायचे तसं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. कडेला अंगठा फिरवला. लाख कुठे फुटली नव्हती, अक्षरं स्वच्छ उठली होती.

"नीट झालंय," भाऊ म्हणाले. "जाऊ दे माल."

चार वर्षांत विद्याधरच्या कामाला कोणी नीट म्हटलं नव्हतं. त्याला रडू फुटलं. त्याचं ऐकून भाऊंना फुटलं, आणि मग ते दोघे घाटकोपरच्या भर रस्त्यात, बंद दारासमोर, पोटभर रडले. नवसाचा नारळ घेऊन आलेली एक बाई थबकली आणि दशरथला विचारू लागली, कोण गेलं. दशरथने आपला चांगला कान तिच्याकडे केला, ऐकून घेतलं, आणि तिला सांगितलं की मालक गेले. कुठले, ते त्याने सांगितलं नाही. तिने नारळ पदराखाली घेतला आणि परत वळली.